टॉवरच्या आधी गळ्यातलं पेंडंट

पत्र : मी साताऱ्यात राहते. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, सातवा महिना संपत आलाय. तिचं ऑफिसचं काम घरून चालतं म्हणून वाय-फाय घेतलं. त्याचा डबा नेमका तिच्या पलंगाच्या डोक्याशी बसवलाय. तेव्हापासून मला रोज संध्याकाळी डोकं धरतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वी मोबाइलचा टॉवर आला आणि त्यानंतर आमच्या गल्लीत तिघांना कॅन्सर झाला : एकाला तोंडाचा, एकीला स्तनाचा, एकाला जठराचा. आता आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवायचं घाटतंय. ह्यांना गेल्या वर्षी पेसमेकर बसवला. जाऊबाईंच्या ओळखीतून रेडिएशन शोषून घेणारं पेंडंट साडेतीन हजारांना घेतलं, ते मुलगी रात्रंदिवस गळ्यात घालते. मी रोज रात्री नऊला वाय-फाय बंद करते, तिच्या मीटिंगा अडतात आणि घरात वाजतं. जावई म्हणतात, हे सगळं खूळ आहे. माझं चुकतंय का?
— काळजीत पडलेली आई, सातारा

ताई,

बाकीचं सावकाश वाचा, पण त्याआधी उठून एक काम करा. मुलीला गळ्यातलं ते पेंडंट काढून ठेवायला सांगा. टॉवर, वाय-फाय, मोबाइल असं तुम्ही बरंच लिहिलंत, पण वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो त्या साडेतीन हजारांच्या वस्तूमुळे.

डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं बाजारातल्या दहा वस्तूंबद्दल लोकांना सावध केलं. ‘५जीपासून रक्षण’ म्हणून अशा वस्तू विकल्या जात होत्या. त्यांत पेंडंटं होती, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी होती आणि लहान मुलांच्या मनगटात घालायचं कडंसुद्धा होतं. तपासल्यावर त्या सगळ्या किरणोत्सारी निघाल्या. एखादा दिवस घातल्यानं काही होणार नाही, पण महिनोन्‌महिने अंगाला चिकटून राहिल्या तर अपाय होऊ शकतो, म्हणून अंगावरून उतरवा आणि बाजूला ठेवा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. या वस्तूंच्या डब्यावर बहुधा ‘निगेटिव्ह आयन’, ‘ज्वालामुखीचा दगड’, ‘स्केलर एनर्जी’ असलं काहीतरी छापलेलं असतं. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, खरोखरच बाहेर पडताना दाखवायचे, तर भुकटीत थोरियम किंवा युरेनियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं असलेलं खनिज मिसळणं हा सोपा मार्ग असतो. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू अशीच थोरियमयुक्त.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असताना एक विद्यार्थिनी तिच्या आईचं असंच पेंडंट प्रयोगशाळेत घेऊन आली होती. काळं, गोल, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. किरणोत्सार मोजणाऱ्या आमच्या गायगर काउंटरवर टेबल रिकामं असताना मिनिटाला वीस-पंचवीस टकटक होते, ती आजूबाजूच्या दगडमातीची आणि आकाशातून येणाऱ्या किरणांची. पेंडंट नळीखाली सरकवलं आणि टकटक एकमेकींत मिसळून नुसता खरखराट ऐकू यायला लागला. आकडा चारशेच्या वर गेला. मुलगी काही न बोलता व्हरांड्यात गेली आणि तिनं आईला फोन लावला.

तुमचं पेंडंटही तसंच असेल असं नाही. पण न तपासता ते गर्भारशीच्या गळ्यात ठेवण्यात मिळवायचं काहीच नाही, कारण ते ज्या कामासाठी घेतलंत ते काम त्याच्यानं होऊच शकत नाही. गळ्यातल्या बिल्ल्यानं फोनच्या लहरी खरंच शोषल्या असत्या, तर फोनची रेंज गेली असती आणि रेंज कमी झाली की फोन आपला जोर वाढवतो. पेंडंट एका पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवा, कुणाला वापरायला देऊ नका. साताऱ्यातल्या एखाद्या कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात गायगर काउंटर असतो, विनंती केलीत तर पाच मिनिटांत तपासून देतील. काटा वर गेलाच, तर मुंबईला अणुशक्तीनगरमध्ये अणुऊर्जा नियामक परिषद आहे, त्यांना लिहून विल्हेवाट कशी लावायची ते विचारा. जाऊबाईंनाही सांगा. त्यांनी प्रेमानंच सुचवलं असणार, आणि त्यांच्या गळ्यातही एक असेल.

आता मूळ प्रश्न. गोंधळ बराचसा शब्दामुळे होतो. इंग्रजीत सगळ्यालाच ‘रेडिएशन’ म्हणतात. मराठीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. थोरियम-युरेनियमसारख्या पदार्थांतून निघतो तो किरणोत्सार, आणि कुठलीही लहर पसरते तिला म्हणायचं प्रारण. उन्हाचं, दिव्याचं, चुलीच्या धगीचं, आकाशवाणीच्या मनोऱ्याचं, ही सगळी प्रारणंच. वर्तमानपत्रं मोबाइललाही ‘किरणोत्सर्ग’ म्हणतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा उभं राहतं.

क्ष-किरण किंवा थोरियमचे किरण शरीरातल्या रेणूमधून इलेक्ट्रॉन उडवून लावू शकतात. पेशीतल्या डीएनएचा धागा तुटतो तो त्यामुळे. लहरीची ऊर्जा पुड्यापुड्यांनी येते आणि रेणू फोडायचा तर एकेका पुडीत पुरेसा जोर असावा लागतो. वाय-फायच्या लहरीच्या एका पुडीत साध्या लाल दिव्याच्या उजेडापेक्षा जवळपास दोन लाख पटींनी कमी ऊर्जा असते. पुड्यांची संख्या कितीही वाढवली तरी एकेकीचा जोर वाढत नाही. ढेकूळ फोडायला कापसाचे बोळे कितीही मारले तरी फुटत नाही, तसं. या लहरी एक गोष्ट मात्र नक्की करतात : ऊब. मायक्रोवेव्ह ओव्हन तेच करतो, पण त्याला आठशे-हजार वॉट लागतात आणि तेही बंद लोखंडी पेटीत कोंडून. फोनवर शरीरात जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा घातलेली असते ती या उबेसाठी. भारतात २०१२ पासून ती शरीराच्या एका किलोला १.६ वॉट आहे. तुमच्या फोनवर *#०७# दाबलंत तर त्या फोनचा आकडा समोर येईल.

आता तुमचा तो पलंगाच्या डोक्याशी असलेला डबा. तो साधारण ०.१ वॉटच्या आसपास लहरी सोडतो. मुलीचं डोकं त्यापासून दोन मीटरवर धरलं, तर तिथे पोचतात चौरस मीटरला दोन ते चार मिलिवॉट (वॉटचा हजारावा भाग म्हणजे मिलिवॉट), तेही डबा सतत पूर्ण ताकदीनं बोलत असेल तर. प्रत्यक्षात तो बराच वेळ गप्प असतो. भारतानं २०१२ साली टॉवरसाठी या पट्ट्यात जी मर्यादा घातली ती होती चौरस मीटरला एक वॉट, आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश. म्हणजे तुमचा डबा त्याच्याही अडीचशे ते पाचशे पटींनी खाली आहे. तरी पलंगाशी ठेवू नका म्हणेन, हॉलमध्ये हलवा. अंतर दुप्पट झालं की मारा चौथाईवर येतो, आणि तुमच्या मनाला बरं वाटेल याचीही मला किंमत वाटते. मात्र रात्री नऊला बंद करणं आजपासून सोडा.

तुमचं डोकं दुखतं हे मी जराही खोटं मानत नाही. संध्याकाळचं दुखणं खरं आहे, कारण कुठलं ते शोधायचंय. ‘आम्हाला लहरी जाणवतात’ म्हणणाऱ्या शेकडो माणसांवर जगभरात प्रयोग झाले आहेत. यंत्र चालू की बंद ते त्या माणसालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, अशा पद्धतीनं. चालू-बंद ओळखता येतं असं त्यांतून दिसलं नाही. पण चालू आहे असं नुसतं वाटलं तरी अनेकांचं डोकं दुखू लागलं. हे तुम्ही घरी करून बघा. डब्यावर जाड कापड टाका म्हणजे दिवे दिसणार नाहीत. मुलीनं चौदा दिवस, ती संध्याकाळी काम संपवते त्यानंतर, नाणं उडवून डबा चालू ठेवायचा की बंद ते ठरवायचं आणि आपल्या वहीत लिहायचं. तुम्ही तुमच्या वहीत रोज झोपताना लिहायचं : दुखलं, थोडं दुखलं, नाही दुखलं. तुमच्या फोनचं वाय-फाय तेवढे दिवस बंद ठेवा म्हणजे त्यावरून कळणार नाही. पंधराव्या दिवशी दोघींनी वह्या शेजारी ठेवून बघा. आणि त्या आठवड्यात एकदा रक्तदाब आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. तुमच्या वयात संध्याकाळच्या डोकेदुखीमागे बहुतेकदा हेच दोन, नाहीतर उशिरा झालेलं जेवण सापडतं. नवीन माणूस घरात आलं की स्वयंपाकघरातली उभी राहण्याची वेळ वाढते, तेही धरा.

टॉवरबद्दल लोकांचा समज जवळजवळ उलटा असतो. आपल्या अंगावर सर्वात जास्त लहरी पडतात त्या कानाला लावलेल्या फोनच्या, टॉवरच्या नव्हे. आणि फोन किती जोरानं बोलतो ते टॉवर किती जवळ आहे यावर ठरतं. टॉवर जवळ, रेंज भरपूर, तर फोन कुजबुजतो. खंबाटकीच्या बोगद्यात, लिफ्टमध्ये, जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात तोच फोन ओरडायला लागतो. हजार पटींचा फरक पडू शकतो. बॅटरी भराभर उतरते आणि फोन तापतो ती त्याचीच खूण. म्हणून टॉवर गल्लीतून हाकलला तर मुलीच्या कानाशी होणारा मारा कमी न होता वाढण्याचीच शक्यता जास्त. आणि टॉवर डोक्यावर असला तरी लहरी सरळ खाली घरात येत नाहीत. त्याचे अँटेना दीपस्तंभासारखे आडवा झोत टाकतात, किंचित खाली कललेला. बरोबर पायथ्याशी दिव्याखाली अंधार असतो.

समोरच्या टॉवरनंतर तिघांना कॅन्सर झाला, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा हात थरथरला असेल. त्यांच्या घरच्यांचं दुःख मोठं आहे. पण तोंडाचा, स्तनाचा आणि जठराचा हे तीन वेगळे आजार आहेत, एकाच कारणानं तिघंही यावेत असं सहसा होत नाही. तोंडाच्या कॅन्सरच्या बाबतीत आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री यांची चौकशी आधी करावी लागते. शिवाय अशा गाठी तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात. अणुबॉम्बमधून वाचलेल्या लोकांमध्येसुद्धा अशा गाठींचं प्रमाण वाढलेलं दिसलं ते साधारण दहा वर्षांनी. तीन वर्षांपूर्वी उभा राहिलेला टॉवर या हिशोबात बसत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कर्करोग नोंदणीचा अंदाज आहे की भारतात दर नऊ जणांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो. दोनशे माणसांच्या गल्लीत आयुष्यभरात वीस-बावीस जणांना. तीन घरांत एका सुमारास हा आजार आला की डोळे वर जातात आणि वर टॉवर दिसतो.

आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत थेट लागू पडणारा एक अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये चार वर्षांपर्यंतच्या १,३९७ कॅन्सरग्रस्त मुलांची आणि ५,५८८ निरोगी मुलांची तुलना केली गेली, आई गरोदर असताना टॉवरच्या किती जवळ राहत होती यावरून. २०१० साली निष्कर्ष आला : संबंध दिसला नाही.

जावयांना मात्र सांगा, प्रश्न खुळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात घातलं, तुमच्या व्हॉट्सॲपवर फिरतंय ते हेच. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. तंबाखू पहिल्या गटात आहे, जिथे शंका उरलेली नाही. अमेरिकेत २०१८ साली एक अहवाल आला, त्यात रोज नऊ तास, दोन वर्षं, सर्वांगावर मारा झालेल्या नर उंदरांमध्ये हृदयाच्या गाठी जास्त दिसल्या. तोही अभ्यास मी बाजूला सारत नाही. पण त्याच अभ्यासात मारा झालेले नर उंदीर न झालेल्यांपेक्षा जास्त जगले, आणि मारा माणसाला फोनवर मिळतो त्याहून खूप मोठा होता. माणसांवरचे पुरावे २०११ नंतर पुष्कळ जमले. दहा ते चोवीस वर्षांच्या मुलामुलींमधल्या मेंदूच्या गाठींचा १४ देशांत अभ्यास झाला, त्यांत भारतही होता, आणि फोनमुळे गाठी वाढल्याचं त्यात आढळलं नाही. २०२४ मध्ये युरोपातल्या अडीच लाखांहून जास्त फोन वापरणाऱ्यांचा निष्कर्ष तोच. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा एकत्र आढावाही तिथेच येऊन थांबला. फोन हातोहाती पोचून पंचवीस वर्षं होत आली, त्या प्रमाणात मेंदूच्या गाठी वाढल्या असत्या तर त्या नोंदींमध्ये दिसल्याच असत्या.

गरोदरपणाचा मानवी अभ्यास मेंदूच्या गाठींइतका भक्कम झालेला नाही, म्हणून तिथे मी थोडी जास्त सांभाळून बोलेन. लहरी शरीरात काही सेंटिमीटरच शिरतात, बाळ त्याच्या बऱ्याच आत पाण्यात आहे. तरी फोन पोटावर ठेवून सिनेमा बघू नये, लॅपटॉप टेबलावर ठेवावा, बोलताना इयरफोन किंवा स्पीकर लावावा. एवढं करायला कष्ट पडत नाहीत. ब्लूटूथवाले चालतील, त्यांचा जोर फोनपेक्षा कितीतरी कमी असतो. रेंजचा एकच दांडा असलेल्या मागच्या खोलीतून तासभर बोलण्यापेक्षा तिनं खिडकीशी येऊन बोलावं.

आता सोसायटी. ग्वाल्हेरमधल्या एका टॉवरवर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली होती, कुणीतरी ते दाखवेलच. न्यायालयाचा आदेश म्हणजे प्रयोगशाळेचा निकाल नसतो. पण टॉवरला विरोध करायला तुमच्याकडे याहून चांगली कारणं आहेत, ती कमिटीपुढे मांडा. इमारत किती जुनी आहे? स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, आणि एवढा जास्तीचा भार गच्ची पेलेल असं त्यात लिहिलंय का? नगरपालिकेची परवानगी आहे का? वीज गेल्यावर चालणारा डिझेल जनरेटर कुठे ठेवणार? हा शेवटचा प्रश्न ठामपणे विचारा. डिझेलचा धूर २०१२ पासून त्याच संस्थेच्या पहिल्या गटात आहे, तंबाखूच्या शेजारी. तान्ह्या बाळाच्या खिडकीखाली जनरेटर धडधडणार असेल तर भांडा, मी तुमच्या बाजूनं आहे. आणि लहरींबद्दल सभासदांचं समाधान होत नसेल तर मोजून घ्या. दूरसंचार विभागानं २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केलं, तिथे जवळचा टॉवर शोधता येतो आणि शुल्क भरून मोजणीची मागणी करता येते. सुरू झालं तेव्हा ते ४,००० रुपये होतं. सोळा घरांत वाटलंत तर दर घरी अडीचशे. पेंडंटच्या मानानं काहीच नाही.

शेवटी तुमच्या यजमानांचं, कारण पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे आणि सांभाळायला हवं ते तिथेच. पेसमेकर आणि फोन यांच्यात किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराला थोडं कमी, अंतर राहिलं पाहिजे. पुरुषांना सदऱ्याच्या डाव्या खिशात फोन ठेवायची सवय असते आणि पेसमेकर बहुधा त्याच बाजूला असतो. फोन पँटच्या खिशात ठेवायला लावा, बोलायचं ते उजव्या कानानं. काही नव्या फोनच्या पाठीत आणि बिनतारी इयरफोनच्या डबीत चुंबक असतं. ते पेसमेकरशेजारी आलं तर त्याची चाल बदलू शकते, म्हणून ती डबी सदऱ्याच्या खिशात कधीच नको. वाय-फायच्या डब्याजवळून ते खुशाल फिरू देत. पुढच्या तपासणीला जाताना फोन सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या सदऱ्याचा डावा खिसा आज संध्याकाळी शिवून टाकलात तरी चालेल.

वह्यांमध्ये काय निघालं ते मला कळवा. आणि बाळाचं.